आकडा तापलाय की प्रोसेसर?

नव्याने जोडलेल्या कॉम्प्युटरमध्ये प्रोसेसरच्या तापमानाचा आकडा विचित्र दिसण्याची कारणे दोन गटांत पडतात. एका गटात प्रोसेसर खरोखरच तापलेला असतो आणि आकडा त्याची खरी बातमी देत असतो. दुसऱ्या गटात प्रोसेसर व्यवस्थित असतो, आकडाच खोटा असतो. एका गटातले उपाय दुसऱ्या गटात कामाचे नाहीत. खोट्या आकड्यावर विश्वास ठेवून नीट बसलेला कूलर उचकटला जातो, आणि खऱ्या आकड्याला सॉफ्टवेअरची चूक समजून प्रोसेसर महिनोन्‌महिने भाजत ठेवला जातो. म्हणून स्क्रू ड्रायव्हर हातात घेण्याआधी आपला आकडा कोणत्या गटातला, हे ठरवायचे. त्यासाठी तो किती आहे यापेक्षा तो कसा चढतो-उतरतो, हे पाहणे जास्त उपयोगाचे ठरते.

पिंपरीच्या समोर, पवनेपलीकडच्या काळेवाडीत हा प्रश्न पडायला परिस्थितीही अनुकूल आहे. एका अंगाला रहाटणी, थेरगाव, वाकड आणि त्यापुढे हिंजवडीचे आयटी पार्क. दुसऱ्या अंगाला पिंपरी, भोसरी, चाकणचे कारखाने. घरून काम करणारे प्रोग्रामर, एखाद्या वर्कशॉपसाठी थ्रीडी ड्रॉइंग करून देणारे डिझायनर, अभियांत्रिकीचे विद्यार्थी, गेम खेळणारी मुले यांच्यापैकी बरेच जण तयार कॉम्प्युटर घेण्यापेक्षा सुटे भाग आणून जोडणे पसंत करतात. प्रोसेसर ऑनलाइन मागवलेला, कॅबिनेट मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून आणलेले, कूलर मित्राच्या जुन्या मशीनचा. त्यात खोली शेवटच्या मजल्यावरची किंवा पत्र्याखालची, आणि महिना एप्रिल.

आता आकडा येतो कुठून ते पाहू. प्रोसेसरच्या सिलिकॉन चिपमध्येच तापमान मोजणारे सेन्सर कोरलेले असतात. सिलिकॉनच्या डायोडमधून ठरावीक प्रवाह सोडला, तर त्याच्या दोन टोकांमधला व्होल्टेज तापमान एक अंशाने वाढल्यावर सुमारे २ मिलिव्होल्टने कमी होतो. या गुणधर्मावर ही मोजणी उभी आहे. इंटेलच्या कोअर मालिकेपासून प्रत्येक कोअरपाशी असा डिजिटल सेन्सर असतो. गंमत अशी की हा सेन्सर तापमान सांगतच नाही. कमाल मर्यादेपासून आपण किती अंश खाली आहोत, एवढेच तो सांगतो. मर्यादा १०० अंश असेल आणि सेन्सर ६० म्हणत असेल, तर वजाबाकी करून पडद्यावर ४० दाखवण्याचे काम सॉफ्टवेअरचे. सॉफ्टवेअरने मर्यादा चुकीची धरली, की सगळेच आकडे तेवढ्याने चुकतात. कोअर २ प्रोसेसरच्या काळात नेमके हेच झाले. काही मॉडेलची मर्यादा ८५ धरायची की १०० यावर सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांचे एकमत नव्हते, त्यामुळे एकच प्रोसेसर दोन प्रोग्रामांत १५ अंशांच्या फरकाने दिसे. आजही अगदी नव्या प्रोसेसरवर दोन वर्षांपूर्वीचा प्रोग्राम चालवला, तर असा फसवा आकडा मिळू शकतो.

या सेन्सरची रचना मर्यादेच्या जवळ अचूक राहण्यासाठी केलेली असते, कारण प्रोसेसरला वाचवण्याचे काम तिथेच असते. मर्यादेपासून जसजसे खाली यावे तसतशी चूक वाढत जाते. म्हणून मशीन नुसते चालू असताना एक कोअर ३१ आणि शेजारचा ३८ दाखवत असला, तर त्यात घाबरण्यासारखे काही नाही. ४५ नॅनोमीटरच्या काही जुन्या इंटेल प्रोसेसरांत तर सेन्सर खालच्या एखाद्या आकड्यावर अडकून बसत आणि प्रोसेसर त्याहून गार झाला तरी हलत नसत.

एएमडीची तऱ्हा वेगळी. २०१७ मध्ये पहिले रायझन आले तेव्हा १७००एक्स आणि १८००एक्स घेणारे आकडे बघून हबकले. पंखा जोरात, हीटसिंक गार आणि पडद्यावर ६० अंश. त्या मॉडेलांत कंपनीने मुद्दाम २० अंश वाढवून सांगायची सोय केली होती, म्हणजे वेगवेगळ्या मॉडेलांवर पंख्याचे गणित एकसारखे ठेवता यावे. त्याच मालिकेतल्या साध्या १७०० ला ही भर नव्हती. पुढे २७००एक्समध्ये ती १० अंशांची झाली. नीट लिहिलेले प्रोग्राम ही भर वजा करून खरे तापमान वेगळ्या ओळीत दाखवतात. दोन ओळींत बरोबर १० किंवा २० चा फरक असेल, तर त्यांतला कमी आकडा खरा समजावा. त्याआधीच्या फेनॉम आणि एफएक्स प्रोसेसरांत उलटा प्रकार होता. त्यांचा आकडा एका मनमानी मोजपट्टीवरचा असे, आणि खोलीत ३० अंश असताना प्रोसेसर १८ वर असल्याचे मजेत सांगे.

या शेवटच्या उदाहरणातून पहिली आणि सर्वांत सोपी परीक्षा मिळते. हवेने किंवा साध्या पाण्याच्या कूलरने थंड होणारी कोणतीही वस्तू खोलीच्या तापमानाखाली जाऊ शकत नाही. खोलीपेक्षा कमी दिसणारा प्रत्येक आकडा खोटाच असतो, आणि बहुधा निरुपद्रवीही. दुसऱ्या टोकाचे खोटे आकडेही ओळखता येतात. मदरबोर्डवर व्होल्टेज, पंख्यांचा वेग आणि इतर तापमाने वाचणारी एक वेगळी चिप असते. तिच्या काही तारा कुठेच जोडलेल्या नसतात. अशा मोकळ्या तारेचे वाचन १२७ अंश, उणे ५५ अंश असे काहीही येते, आणि प्रोग्राम ते इमानेइतबारे छापतो. मशीन शांतपणे चालत असताना एखादी ओळ सतत १२७ दाखवत असेल आणि लोड टाकूनही तसूभर हलत नसेल, तर तिच्या टोकाला सेन्सरच नाही. खरे तापमान कधीच एका जागी गोठून राहत नाही.

तापमान दाखवणारे दोन-तीन प्रोग्राम एकाच वेळी उघडून ठेवणे ही आणखी एक नडणारी सवय. दोघांनी मदरबोर्डवरच्या त्या चिपला एकाच क्षणी विचारणा केली, की उत्तरांची सरमिसळ होऊन मधूनच अशक्य आकडे चमकतात. एचडब्ल्यूइन्फो किंवा कोअर टेम्प यांपैकी एकाची ताजी आवृत्ती घ्यावी आणि बाकीचे बंद करावेत. विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्ये ग्राफिक्स कार्डाचे तापमान दिसते, प्रोसेसरचे दिसत नाही. ते ग्राफिक्सचे ४५ प्रोसेसरचे समजणारेही असतात. बायोसमधला आकडा विंडोजमधल्या आकड्यापेक्षा जास्त आला म्हणूनही शंका घेऊ नये. बायोस चालू असताना प्रोसेसरला झोपायची मुभा नसते, त्यामुळे तिथे ४५-५० दिसणारा प्रोसेसर विंडोजमध्ये ३५-४० वर येतो.

आता खऱ्या उष्णतेकडे. प्रोसेसरचे तापमान म्हणजे खोलीचे तापमान अधिक कूलरला न जमलेला भाग. हा दुसरा भाग प्रोसेसर किती वॅट उष्णता टाकतो आणि ती बाहेर जायला वाटेत अडथळा किती, यांचा गुणाकार असतो. कूलर दर वॅटला अर्धा अंश वाढू देत असेल, तर ६५ वॅटला साडेबत्तीस अंशांची वाढ होणार. डिसेंबरच्या रात्री खोलीत २० अंश असतील तर प्रोसेसर ५३ च्या आसपास राहील. एप्रिलच्या दुपारी पत्र्याखालच्या खोलीत ३८ असतील तर तोच प्रोसेसर, तोच कूलर, तोच गेम आणि आकडा ७१. कॅबिनेटच्या आतली हवा खोलीपेक्षाही पाच-दहा अंशांनी गरम असते, ते वेगळेच. थंड देशांतल्या परीक्षणांमध्ये २२ अंशांच्या खोलीत मोजलेले आकडे दिलेले असतात. ते काळेवाडीतल्या मे महिन्याशी ताडून पाहायचे तर आधी मधला फरक मिळवून घ्यावा लागतो. जून उजाडला, पाऊस पडला, की अनेकांचा बिघाड आपोआप बरा होतो तो यामुळेच. त्यांच्या मशीनमध्ये बिघाड नव्हताच.

वरची मर्यादाही मॉडेलप्रमाणे बदलते. इंटेलच्या बाराव्या ते चौदाव्या पिढीच्या डेस्कटॉप प्रोसेसरांना १०० अंशांपर्यंत मुभा आहे. रायझन ७८००एक्स३डीची मर्यादा ८९. रायझन ७००० मालिकेतले ‘एक्स’वाले मोठे प्रोसेसर २०२२ मध्ये आले तेव्हा एएमडीने स्वतःच सांगितले की पूर्ण लोडवर ९५ अंश गाठून तिथेच राहणे हे त्यांचे नेहमीचे काम आहे. कूलर मोठा लावला तर ते गार होण्याऐवजी वेग वाढवतात आणि पुन्हा ९५ वरच जातात. ग्राहकाला हे पटवणे दुकानदाराला जड जाते, आणि ग्राहकाचेही फार चुकत नाही, कारण २० वर्षे त्याला ७० च्या पुढे धोका असेच सांगितले गेले होते. मर्यादा गाठल्यावर प्रोसेसर स्वतःचा वेग कमी करतो, आणि तरीही उष्णता वाढलीच तर वीज तोडून मशीन बंद पाडतो. हे शहाणपण पूर्वी सगळ्याच प्रोसेसरांत नव्हते. २००१ मध्ये टॉम्स हार्डवेअर या वेबसाइटने चालू मशीनवरून हीटसिंक काढून दाखवला, तेव्हा पेंटियम ४ नुसता मंदावला, तर त्या वेळचे अॅथलॉन काही सेकंदांत जळून गेले. त्या चित्रफितीने धास्तावलेली पिढी आजही मशीन सुरू करताना आधी पंख्याकडे बघते.

प्रोसेसर खरोखर तापतो आहे असे ठरल्यावर अडथळा कुठे आहे हे शोधायचे. वाट अशी: सिलिकॉन चिप, तिच्यावरचे धातूचे झाकण, थर्मल पेस्ट, हीटसिंकचा तळ, त्याच्या पात्या, पंख्याची हवा, कॅबिनेटमधली हवा, खोली. यातला अडथळा नेमका कुठे, हे वेळेवरून कळते. सिनेबेंच किंवा प्राइम९५ सारखा सगळे कोअर कामाला लावणारा प्रोग्राम सुरू करावा आणि आकड्याकडे बघत राहावे. एक-दोन सेकंदांत आकडा ४० वरून ९५ वर उडाला आणि प्रोग्राम थांबवताच तितक्याच झटक्यात खाली कोसळला, तर उष्णता हीटसिंकपर्यंत पोहोचतच नाही. दोष पेस्टमध्ये किंवा बसवण्यात आहे. तोच आकडा ७० वर जाऊन मग दहा-पंधरा मिनिटे सावकाश चढत राहिला आणि थांबवल्यावरही उतरायला वेळ घेत असेल, तर हीटसिंक आपले काम करतो आहे, गरम हवा बाहेर पडत नाही. पहिल्या प्रकारात कूलर काढावा लागतो, दुसऱ्यात कूलरला हातही लावू नये. रायझनवर एखादी वेबसाइट उघडताना दहा-पंधरा अंशांची उडी दिसते आणि लगेच विरते. एका कोअरला क्षणभर दिलेल्या जास्तीच्या वेगाची ती खूण आहे, बिघाडाची नव्हे.

हाताने पाहण्याची परीक्षाही जुनी आणि चांगली. पडद्यावर ९५ आणि हीटसिंकचा तळ जेमतेम कोमट, म्हणजे मध्ये संपर्कच नाही. भोसरी-चाकणच्या वर्कशॉपमध्ये बेअरिंग आणि मोटारी तपासायला वापरली जाणारी इन्फ्रारेड गन इथेही कामाला येते. फक्त ती चकचकीत अॅल्युमिनियमवर थेट रोखली तर फार कमी तापमान सांगते, कारण चकचकीत धातू स्वतःची उष्णता कमी सोडतो आणि समोरच्या वस्तूंची परावर्तित करतो. त्या जागी काळ्या इन्सुलेशन टेपचा तुकडा चिकटवून टेपवर नेम धरला, तर आकडा विश्वासाचा मिळतो.

संपर्क न होण्याचे सर्वांत लाजिरवाणे कारण म्हणजे कूलरच्या तळावरचे पारदर्शक प्लास्टिक काढायचे राहणे. ‘लावण्यापूर्वी काढा’ असे त्यावर छापलेले असूनही ते राहते, आणि अनुभवी हातांकडूनही राहते. दुसरे कारण इंटेलच्या बॉक्समधल्या कूलरच्या चार प्लास्टिक खिळ्या. २००४ च्या ७७५ सॉकेटपासून त्या तशाच आहेत. समोरासमोरच्या, म्हणजे तिरक्या जोडीने त्या दाबाव्या लागतात, आणि प्रत्येकीचा ‘टक्’ आवाज यावा लागतो. चारपैकी एक अर्धवट राहिली, तर कूलर एका कोपऱ्यातून किंचित उचललेला राहतो. वरून काही कळत नाही. मदरबोर्ड उलटा करून चारही खिळ्यांची टोके मागच्या बाजूला पूर्ण बाहेर आली आहेत का, ते पाहिले की शंका फिटते.

तिसरे कारण जुना कूलर नव्या सॉकेटवर लावणे, आणि मित्राकडून आलेल्या कूलरच्या बाबतीत हेच निघते. इंटेलच्या १२०० सॉकेटमध्ये भोकांमधले अंतर ७५ मिलिमीटर होते, १७०० सॉकेटमध्ये ते ७८ झाले आणि प्रोसेसरची उंचीही घटली. काही मदरबोर्डवर दोन्ही मापांची भोके दिलेली असल्याने जुना कूलर बसतो खरा, पण दाब पुरेसा पडत नाही. कूलरच्या कंपनीकडून १७०० साठीचे वेगळे ब्रॅकेट घेणे हाच उपाय. याच सॉकेटची पकड लांबट प्रोसेसरला मध्यभागी किंचित वाकवते, म्हणून सॉकेटची पकड बदलणारी चौकट बाजारात आली. तिने काही अंशांचा फायदा होतो. १०-१५ अंश जास्त दाखवणाऱ्या मशीनचे दुखणे मात्र तिने जात नाही.

पेस्टबद्दल गरजेपेक्षा जास्त वाद घातला जातो. धातूचे दोन पृष्ठभाग कितीही गुळगुळीत दिसले तरी मध्ये सूक्ष्म पोकळ्या राहतात आणि त्यात हवा असते. हवेची उष्णतावाहकता तांब्यापेक्षा हजारो पटींनी कमी. ती हवा हुसकून लावणे एवढेच पेस्टचे काम. मध्यभागी वाटाण्याएवढा थेंब ठेवून कूलर सरळ खाली दाबावा, लांबट प्रोसेसरवर थोडी जास्त घ्यावी. टीव्ही-इन्व्हर्टर दुरुस्तीत वापरली जाणारी पांढरी पेस्ट आणि महागडी पेस्ट यांत घरगुती वापरात थोड्या अंशांचाच फरक पडतो. पेस्ट लावायचीच राहिली तर फरक तीस-चाळीस अंशांचा. कूलर एकदा उचलला की जुनी पेस्ट, कूलरसोबत आलेली असली तरी, आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून नवी लावावी. तशीच परत दाबली तर हवेचे बुडबुडे अडकतात. एएमडीच्या एएम४ सॉकेटवर कूलर उचलताना प्रोसेसर पेस्टला चिकटून सॉकेटमधून उपटला जातो आणि त्याच्या पिना वाकतात. मशीन थोडे चालवून पेस्ट गरम करावी, मग बंद करून कूलर हलक्या हाताने डावी-उजवीकडे फिरवत सोडवावा. लिक्विड मेटल नावाने मिळणारे द्रव घरच्या मशीनमध्ये नकोच. त्यातला गॅलियम अॅल्युमिनियमला खातो आणि सांडलेला थेंब शॉर्ट सर्किट करतो.

पाण्याच्या कूलरमध्ये एक दोष जास्तीचा, तो म्हणजे पंप. रेडिएटरचे पंखे फिरत असतात, दिवे लागलेले असतात, पण पंपाची पिन जोडायची राहिलेली असते. मग आकडा मिनिटा-दोन मिनिटांत ९० पार करतो, प्रोसेसरवरचा ब्लॉक तापतो आणि रेडिएटर गारच राहतो. पंप बहुतेक वेळा पूर्ण वेगाने चालणारा हवा, त्याला पंख्यासारखे कमी-जास्त करू नये. ब्लॉक संपूर्ण वर्तुळात सर्वांत उंच राहील अशी मांडणीही टाळावी, कारण आतली हवा वर येऊन पंपातच साठते. पाणी थेट प्रोसेसरवर नेण्याची ही कल्पना काही गेमिंगपुरती नाही. पाषाणच्या आयसरमध्ये २०१९ मध्ये सुरू झालेला परम ब्रह्म हा सीडॅकचा महासंगणकही प्रोसेसरला भिडवलेल्या पाण्यानेच थंड होतो.

पंख्याची चूक सहसा साधी असते. प्रोसेसरच्या पंख्याची तार मदरबोर्डवरच्या ‘सीपीयू फॅन’ पिनांऐवजी शेजारच्या कॅबिनेट पंख्याच्या पिनांवर लागलेली असते. पंखा फिरतो, पण प्रोसेसरऐवजी मदरबोर्डच्या तापमानाकडे बघून फिरतो. कॅबिनेटच्या पंख्यांची दिशाही पाहावी. ज्या बाजूला आधाराच्या काड्या असतात त्या बाजूने हवा बाहेर पडते. समोरून आत, मागून आणि वरून बाहेर, हा साधा नियम. समोर अखंड काच असलेली देखणी कॅबिनेटे इथे घात करतात. बाजूचा पत्रा काढून तोच प्रोग्राम पुन्हा चालवावा. आकडा आठ-दहा अंशांनी उतरला तर दोष कॅबिनेटचा, एक-दोन अंशच उतरला तर नाही. उन्हाळ्यात घरातला पाण्याचा कूलर उघड्या कॅबिनेटकडे वळवून ठेवण्याची युक्ती मात्र करू नये. आकडा उतरतो, पण त्या ओल्या हवेने आणि पाण्यातल्या क्षारांनी बोर्ड खराब होतो.

बसवणे ठीक, हवा ठीक आणि तरी आकडा वरच, असे असेल तर बायोसमध्ये डोकवावे. प्रोसेसर किती वॅट खातो ते एचडब्ल्यूइन्फोमध्येच दिसते. कोअर आय५-१२४०० साठी इंटेलने ठरवलेली अल्पकालीन कमाल मर्यादा ११७ वॅट, आय९-१३९००के साठी २५३. अनेक मदरबोर्ड कारखान्यातूनच या मर्यादा काढून टाकलेल्या अवस्थेत येतात आणि मर्यादेच्या जागी ४०९६ वॅट असा निव्वळ ‘मर्यादा नाही’ म्हणणारा आकडा असतो. तेराव्या-चौदाव्या पिढीच्या इंटेल प्रोसेसरांत गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज मागितला जाण्याचा दोष होता आणि त्याने काही प्रोसेसर कायमचे बिघडले. २०२४ च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये इंटेलने त्यावर सुधारित मायक्रोकोड दिले आणि वॉरंटी २ वर्षांनी वाढवली. या पिढ्यांचे मशीन असेल तर तापमान पाहण्याआधी बायोस अद्ययावत करावा आणि इंटेलची मूळ मर्यादा निवडावी. रायझनवर इको मोड सुरू केला तर वेग थोडाच घटतो आणि तापमान बरेच उतरते. थ्रीडी ड्रॉइंगचे बहुतेक काम एक-दोन कोअरवरच चालत असल्याने डिझायनरला हा फरक जाणवतही नाही. तासन्‌तास रेंडरिंग करणाऱ्याला जाणवतो.

एवढे करून उरतो तो दुर्मीळ प्रकार: प्रोसेसरचा किंवा बोर्डाचा स्वतःचा दोष. तो ठरवण्याचा मार्ग अदलाबदलीचा. तोच कूलर दुसऱ्या प्रोसेसरवर किंवा तोच प्रोसेसर दुसऱ्या बोर्डावर लावून पाहायचा. आकडा प्रोसेसरसोबत गेला तर दोष प्रोसेसरमध्ये, बोर्डापाशीच राहिला तर बोर्डात. वॉरंटीसाठी जाताना बिल, प्रोसेसरचा बॉक्स आणि त्यावरचा अनुक्रमांक लागतो. सोबत खोलीचे तापमान, पूर्ण लोडवरचे वॅट आणि पहिल्या दहा मिनिटांत आकडा कसा चढला याचा एचडब्ल्यूइन्फोने साठवलेला तक्ता नेला, तर ‘उन्हाळा आहे, चालायचंच’ एवढ्यावर सर्व्हिस सेंटरला परत पाठवता येत नाही.